वरचं पेट्रोल

सोमवारी सकाळी चैतू पुंगाटी नदीवर गेला तेव्हा पामुलगौतमचं पाणी आदल्या दिवसापेक्षा हातभर उतरलं होतं. दोन दिवसांपासून तो उठल्या उठल्या काठावर येऊन रोवलेल्या बांबूकडे बघून परत जात होता. आज पहिल्यांदा त्याला बांबूवर चिखलाची ओली पट्टी दिसली. तो धावतच घरी आला आणि दारातूनच ओरडला, "मोनाली, तयारी कर. आज निंगू."

मोनालीची तयारी शुक्रवारीच झालेली होती. शुक्रवारी ती डोंगरीवर चढून गेली, तिथं मोबाईलला जेमतेम रेंज येते, आणि तिथंच तिला यादीत आपलं नाव दिसलं. चंद्रपूरला नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला होता. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. कोडमेट्यात अठ्ठावीस घरं, सगळी माडियांची. त्यातली कोणतीच मुलगी याआधी बारावीच्या पुढं गेली नव्हती. मोनाली आलापल्लीच्या वसतिगृहात राहून शिकली, विज्ञान घेऊन बारावी झाली. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी चैतूने तिच्यासोबत चार वेळा गडचिरोली गाठली होती. ते सगळे कागद आता प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, वर दोरीने बांधून, बॅगेत ठेवले होते.

पण शनिवारी पाऊस लागला आणि नदी भरली. कोडमेटा नदीच्या या काठाला, भामरागड त्या काठाला. उन्हाळ्यात माणूस वाळूतून चालत पलीकडे जातो. पावसाळ्यात डोंगा लागतो. आणि नदी अशी फुगली की डोंगाही चालत नाही, पोकळ केलेल्या लाकडाचा तो, धारेत काडीसारखा फिरतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेने तेंदूच्या हंगामाच्या पैशातून इंजिनाची नाव घेतली होती. नाव नवी होती, मागं लावायचं इंजिन जुनं, कुणीतरी वापरून सोडलेलं. ते चालवायचं काम चैतूकडे आलं, कारण गावात धान कांडायची गिरणी बंद पडली, हातपंप बिघडला की लोक त्यालाच बोलवत. तो शाळेत चौथीपर्यंत गेला होता, पण यंत्राचा आवाज ऐकून त्याला कुठं दुखतं ते कळायचं. तशी त्याची ख्याती होती आणि तिचा त्याला थोडा अभिमानही होता.

भामरागडहून बारा वाजता चंद्रपूरची गाडी सुटते. भामरागडपुढच्या रस्त्यावरचा पूल पुराच्या पाण्यातून सकाळीच मोकळा झाल्याचं डोंगरीवर गेलेल्या पोरींनी फोन करून समजून घेतलं होतं. गाडी मिळाली की झालं. रात्री चंद्रपुरात वसतिगृहातल्या मैत्रिणीकडं मुक्काम, मंगळवारी सकाळी कॉलेज. मोनालीची आई मंगली हिने तांदळाच्या भाकरी बांधून दिल्या आणि लेकीच्या केसांना दोनदा तेल लावलं.

नावेवर सोबतीला पत्रू होता, चैतूचा चुलतभाऊ. नदीत वाहत येणारे ओंडके बांबूने बाजूला सारायचं काम त्याचं. त्याने ग्रामसभेच्या गोदामातून पेट्रोलची कॅन खांद्यावर आणली. पावसाळ्याआधी चैतूने तीन कॅन भरून ठेवल्या होत्या. दोन संपल्या, ही शेवटची, तीस लिटरची. जूनमध्ये ती भरताना पंपावरचा माणूस हसून म्हणाला होता, "आता याच्यात वीस टक्के इथेनॉल राह्यते, चैतूभाऊ. धानाची, मक्याची दारूच समजा ना." चैतूही हसला होता. इंजिन तेच पिऊन चालत होतं, मग त्याला काय करायचं होतं?

त्याने पेट्रोलात तेल मिसळून टाकी भरली आणि दोरी ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. वीस वेळा ओढली असेल. दंड भरून आले, पण ते काही पेटेना. त्याने प्लग काढून बघितला, तो चिंब होता.

"काय झालं?" मोनाली काठावरून म्हणाली. तिने नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि चपला हातात धरल्या होत्या.

"काई नाई. थांब जराशी."

कॅनचं झाकण एका बाजूला तडकलेलं होतं, ते त्याला आता दिसलं. गोदामाचं छप्पर त्याच कोपऱ्यात गळायचं. त्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कॅनमधलं थोडं ओतून उजेडात धरलं. बाटलीत दोन थर होते. वर पिवळसर, खाली जरा गढूळ, आणि मधे दोरा ताणावा तशी रेघ.

"पानी घुसलं," चैतू म्हणाला, आणि त्याच्या जिवात जीव आला. रोग सापडला होता. पाणी तर काढता येतं. त्याने टाकीतलंही सगळं कॅनमध्ये परत ओतलं, कॅन उंच दगडावर ठेवली, थर नीट बसू दिले. मग नळी थेट बुडापर्यंत घातली आणि तोंडाने ओढून खालचं गढूळ बाहेर सोडलं. ते येतच राहिलं. पाच लिटर, कदाचित जास्तच.

"एवढं पानी कुठून आलं बाप्पा?" पत्रू म्हणाला. "झाकनातून तर लोटाभर गेलं असन." त्याने ओल्या मातीवर वाकून वास घेतला. "चैतूदादा, याले तर दारूचा वास येऊन राह्यला."

चैतूनेही वास घेतला. खरंच येत होता. मोहाच्या पहिल्या धारेसारखा, नाकात झोंबणारा. पण साडेनऊ वाजत आले होते. "पेट्रोलच हाय ना ते, वास येनारच," तो म्हणाला, आणि नळीतून नुसतं पिवळं, स्वच्छ पेट्रोल येऊ लागलं तेव्हा त्याने अंगठा लावून नळी बंद केली.

उरलेल्या पेट्रोलात पुन्हा तेल मिसळून टाकी भरली. प्लग पुसून लावला. तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं आणि काठावर जमलेल्या बायकापोरांनी टाळ्या वाजवल्या. मोनालीनेही हसत टाळ्या वाजवल्या. मंगलीने पदराने डोळे पुसले. चैतूला त्या क्षणी वाटलं, आपल्यासारखा बाप नाही. हे त्याला नंतर किती दिवस आठवत राहिलं.

काठाकाठाने नाव छान चालली. इथं धार कमी, इंजिनाला ओझं नव्हतं. पलीकडच्या घाटावर लागायचं तर आधी या काठाने अर्धा मैल वर जावं लागतं, मग तिरकं कापत सुटायचं. नाहीतर धार नावेला खाली संगमाकडं ओढून नेते, आणि तिथं इंद्रावतीचं पाणी असं आदळत असतं की त्यात हत्तीही टिकायचा नाही. चैतूने नाव वर नेली, मोठ्या कोहाच्या झाडापाशी वळवली आणि इंजिनाची मूठ पूर्ण पिळली.

मधल्या धारेत शिरताच आवाज बदलला.

आधी बारीक, लोखंडी भांड्यात चणे टाकून हलवावेत तसा. मग तो वाढत गेला. टण टण टण, आतून कोणी हातोडी मारत असल्यासारखा. चैतूने असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. पंप नाही, गिरणी नाही, फटफटी नाही. त्याला एवढंच कळलं, की आत काहीतरी वेळेच्या आधी पेटतंय, आणि जे पेटतंय ते इंजिनाला खातंय. त्याने मूठ जरा सैल केली. आवाज थांबला. पण त्याबरोबर नावेचं तोंड फिरलं आणि झाडं उलट्या दिशेने सरकू लागली.

"दादा, खाली चाल्लो आपुन!" पत्रू ओरडला.

चैतूने पुन्हा पिळलं. टण टण टण. मूठ सोडली तर नदी नेणार, धरली तर इंजिन जाणार. त्याने पलीकडच्या घाटाकडे बघितलं. घाटावर माणसं दिसत होती, एकाची लाल छत्रीसुद्धा दिसत होती. अजून तेवढंच अंतर उरलं होतं जेवढं ते आले होते. त्याने मूठ धरून ठेवली. दुसरं काय करणार होता? इंजिनाला हात लावला तर चटका बसला. मोनाली समोर बसली होती, बॅग छातीशी धरून, आणि नदीकडे न बघता इंजिनाकडे बघत होती. तिचे ओठ हलले, पण आवाजात काही ऐकू आलं नाही.

मग एक मोठा खटका झाला, पांढरा धूर आला, आणि सगळं शांत झालं. नुसता पाण्याचा आवाज.

त्या शांततेत चैतूने चार-पाच वेळा दोरी ओढली. दोरी अगदी हलकी आली, तिला आतून काही धरतच नव्हतं. पत्रूने बांबू टाकला, तळ लागला नाही. नाव आडवी होऊन वाहत निघाली. कोणी किंचाळलं नाही. मोनालीने बॅग पाठीला अडकवली आणि दोन्ही हातांनी नावेची कड धरली. चैतूने वल्हं घेतलं आणि जीव खाऊन त्यांच्याच काठाच्या बाजूला मारत राहिला. त्या काठाला पुराच्या पाण्यात अर्धी बुडालेली झाडं होती. त्यातल्या एका येनाच्या फांद्यांत नाव अडकली, एवढंच त्या दिवशी बरं झालं. पत्रूने दोरी टाकून ती खोडाला बांधली.

तिथून भामरागडचा घाट स्पष्ट दिसत होता. काठावरची माणसं धावत खालच्या अंगाला आली. कोणी हात हलवत होतं, कोणी काही ओरडत होतं. पण बचावाची नाव सकाळीच दुसऱ्या गावाला गेलेली होती, हे चैतूला माहीत होतं. त्यांच्या हातात काही नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी हात हलवणं बंद केलं आणि ती नुसती उभी राहिली.

"बा," मोनाली म्हणाली, "इथी रेंज येऊन राह्यली."

फोनवर दोन काड्या होत्या. पलीकडच्या टॉवरच्या. तिने कॉलेजचा नंबर लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर कोणी उचलला. ती शाळेत शिकलेल्या मराठीत बोलू लागली, हळू, एकेक शब्द नीट.

"मॅडम, मी मोनाली पुंगाटी. माझं नाव यादीत आहे. आम्ही पुरात अडकलोय. मला दोन दिवस उशीर झाला तर चालेल का?"

पलीकडून बाईचा आवाज आला. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून चैतूलाही ऐकू येत होतं. "उद्या पाचपर्यंत यायचंय ना बेटा."

"हो, पण नदी..."

"मी समजू शकते. आमच्या इथेही पाऊस आहे. पण पाच वाजता सिस्टीम आपोआप बंद होते. नंतर आम्हाला नाव टाकताच येत नाही. ते वरून असतं. तू फोटो काढून पाठव, अर्ज पाठव, मी साहेबांना दाखवते. पण मी खोटं आश्वासन देत नाही."

"माझ्या वडिलांशी बोलता का?"

तिने फोन चैतूकडे दिला. चैतूने तो कानाला लावला. "म्याडम," तो म्हणाला, "पोरगी हुशार हाय."

"हो दादा," बाई म्हणाली. "मार्क दिसतायत मला."

मग रेंज गेली की बाईनेच फोन ठेवला, कळलं नाही. बारा वाजले. मोनालीने फोनमध्ये वेळ बघितली आणि फोन पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. दुपारी तीनच्या सुमाराला गावातली माणसं झाडाझाडांतून दोर बांधत आली आणि त्यांनी त्यांना ओढून काठावर घेतलं. मंगली कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिने लेकीला धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

सोमवारी संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. मंगळवारी सकाळी चैतू काठावर गेला तर बांबूच दिसत नव्हता. मोनाली मागोमाग आली होती.

"डोंग्यानं जाऊ?" तिने विचारलं.

चैतूने नदीकडे बघितलं. एक अख्खं झाड मुळांसकट वाहत चाललं होतं, त्यावर दोन बगळे बसलेले. "नाई बाई," तो म्हणाला. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडली असती, रडली असती तर त्याला काहीतरी करायला मिळालं असतं. ती घरी गेली आणि आईसोबत धान पाखडायला बसली.

चैतू दिवसभर घराच्या आसपास फिरत होता. कुंपणाचे दोन खांब हलत होते, ते त्याने काढून पुन्हा रोवले. कोंबड्यांचा खुराडा साफ केला. दर थोड्या वेळाने तो फोन उघडून वेळ बघायचा. एक वाजला, तीन वाजले, सव्वाचार. मंगलीला वेळ कळत नव्हती आणि तिने विचारलीही नाही, पण नवऱ्याचं तोंड बघून तिला कळत असावं. पाचाला पाच मिनिटं असताना मोनाली उठली. हात धुतले, बॅग उघडली, प्लास्टिकच्या पिशवीची दोरी सोडली. गुणपत्रिका, टीसी, पडताळणीचं पत्र, एकेक कागद काढून, कोणता ओला झाला का ते बघून, तिने पत्र्याच्या पेटीत ठेवला. एकही ओला नव्हता. मग नवा ड्रेस घडी करून त्यावर ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं.

कॉलेजातून नंतर काही आलं नाही. तिने डोंगरीवरून पाठवलेला अर्ज पोचला की नाही तेही कळलं नाही. दहा दिवसांनी डोंगरीवर जाऊन तिने बघितलं तेव्हा तिच्या जागी दुसरं नाव होतं. सिंदेवाहीकडची कुणी मुलगी. "तिचा भी नंबर कुठी ना कुठी लागायलेच पायजे होता," मोनाली म्हणाली. पुढच्या फेरीत मोनालीचा नंबर लागला नाही.

गावात चैतूला कोणी बोल लावला नाही. उलट लोक म्हणायचे, चैतू होता म्हणून तिघं जिवंत आले. ते ऐकलं की तो उठून जायचा. ग्रामसभेत त्याने इंजिनाचं काम दुसऱ्याला द्या म्हटलं तर लोक हसले. दुसरा होता कोण?

पाणी उतरल्यावर, दिवाळीच्या आसपास, त्याने आणि पत्रूने इंजिन डोंग्यातून पलीकडे नेलं आणि आलापल्लीला दिनेश मिस्त्रीकडे टाकलं. दिनेश वीस वर्षं इंजिनं उघडत होता. त्याने खोलून पिस्टन बाहेर काढला आणि चैतूच्या तळहातावर ठेवला. त्याच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक होतं, कडा वितळलेल्या.

"हे नॉकिंगनं झालं, आत अवेळी पेटून ठोके बसले," दिनेश म्हणाला. "पेट्रोल कोनतं टाकलं होतं भाऊ? रॉकेल मिसळलं का काय?"

"रॉकेल कायले मिसळू? पंपावरचंच होतं. पानी घुसलं होतं, ते काढून टाकलं."

दिनेशने हातातला पाना खाली ठेवला. "कसं काढलं?"

चैतूने सांगितलं. झाकण, दोन थर, नळी, पाच लिटर. दिनेश सगळं ऐकून घेत होता आणि मान हलवत होता.

"ते नुसतं पानी नव्हतं ना, चैतूभाऊ. लोटाभर पानी गेलं असन, त्यानं पेट्रोलमधलं सारं इथेनॉल ओढून घेतलं अन् बुडाले घेऊन बसलं. दारूले पानी जवळचं, पेट्रोल परकं. अन् ते इथेनॉलच तर नॉकिंग थांबवते. कंपनी मुळातलं पेट्रोल जरासं कच्चंच बनवते, इथेनॉल पडलं की ते बरोबर होते. पह्यले यासाठी शिसं टाकत, ते बंद झालं, आता हे टाकतेत. तुम्ही पानी म्हून जे फेकलं, त्याच्यातच पेट्रोलची सारी ताकद होती. वर जे राह्यलं, ते काठानं चालन, पन ओझं पडलं का टिकनार नाई."

"मंग काय करायले पायजे होतं?"

"काई नाई. सारं फेकून नवं आनायचं."

"नवं कुठून आनायचं?"

दिनेशने पिस्टन परत घेतला आणि पुसायला लागला, जणू पुसून तो बरा होणार होता.

चैतू गाडीने भामरागडला आला, डोंग्याने नदी उतरला, आणि घरी न जाता सरळ शेतावर गेला. धान कापणीला आलं होतं. मोनाली एकटीच एका बांधीत कापत होती, मंगली पलीकडच्या बांधीत पेंढ्या बांधत होती. तो बांधावर उभा राहिला आणि दिनेशने सांगितलेलं सगळं त्याने लेकीला सांगितलं, एका दमात, मधे कुठं न थांबता. खालचा थर, दारू, ताकद. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की तिला नवल वाटत नाहीये.

"तुले मालूम होतं?"

तिने विळा खाली धरला. "बारावीत होतं. इथेनॉल अन् पानी. शाळेत बाटलीत करून दाखवलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"काठावर आठवलंच नाई, बा. मी भी टाळ्या वाजवल्या ना." तिने विळ्याला चिकटलेलं पातं काढलं. "मधात गेल्यावर तो आवाज आला, तवा आठवलं. मी म्हनलं भी, पन तुले आयकू नाई आलं."

चैतूला तिचे हलणारे ओठ दिसले. इतके दिवस त्याला वाटत होतं, ती देवाचं नाव घेत होती.

"अन् मंग तवापासून काऊन नाई बोलली?"

"बोलून काय झालं असतं? काठावर आठवलं असतं, तरी दुसरं पेट्रोल कुठी होतं आपल्यापाशी?"

आलापल्लीहून येताना त्याने मनात ठरवलं होतं की आज लेकीसमोर आपली चूक कबूल करायची, मग ती काय म्हणायचं ते म्हणो. पण तिने त्याच्यासाठी चूकही शिल्लक ठेवली नव्हती. पलीकडून मंगलीने हाक मारली, पेंढ्यांसाठी दोर हवा होता. मोनाली वाकली आणि पुन्हा कापू लागली. तिच्या मनगटावर धानाच्या पात्यांचे बारीक ओरखडे होते, लाल, शेजारी शेजारी. चैतूने दोर मंगलीला नेऊन दिला, झाडाला अडकवलेला दुसरा विळा काढला आणि लेकीच्या बाजूची ओळ धरली. ती त्याच्यापेक्षा वेगाने कापत होती. बांधी संपेपर्यंत ती बरीच पुढं निघून गेली.